नाव घेणारे मासे

लीना पहाटे उठली की तिला पदराखाली घेऊन मी मागच्या पायरीवर येऊन बसायची. चूल अजून पेटलेली नसायची, सासूबाईंची आंघोळ चाललेली असायची, आणि समोर परसातला हौद. तो अर्धा तास माझा. लीना पिता पिता मंगळसूत्राच्या वाट्या चाचपत राही आणि मी हौदाकडे बघत बसे.

शिमगा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. त्या पहाटे बघते तर हौदातले सगळे मासे वर आलेले. नऊच्या नऊ. एरवी या वेळी ते तळाशी दगडांच्या आडोशाला असत, ऊन आल्याशिवाय हलत नसत. आज कडेकडेनं तोंडं पाण्याबाहेर काढून उभे होते. तोंड उघडायचं, मिटायचं. पुन्हा उघडायचं, मिटायचं.

सासूबाई तुळशीला पाणी घालायला आल्या आणि थबकल्या. तांब्या हातात तसाच. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. मग सोवळ्यात असूनही माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "प्रेमला, ऐकलंस? नाव घेताहेत गं."

मी कान दिला. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकू आलं. दोन-दोनदा तोंड मिटल्याचा तो ओला आवाज, राम राम म्हटल्यासारखा. मला इतका आनंद झाला की लीनाला मी घट्ट आवळून धरलं. पुढे कितीतरी दिवस त्या आनंदाची मला लाज वाटत राहिली.

हे मासे तसे आमचे नव्हेत. लीनाचे वडील, रविकांत, कॅनॉलवर ओव्हरसिअर. कोल्हारपासून चार मैलांवर कॅनॉलच्या काठाला सरकारी दगडी घरांची एक ओळ आहे, त्यातलं शेवटचं घर आम्हांला गेल्या ज्येष्ठात मिळालं. आधी तिथे एक इंग्रज इंजिनियर एकटाच राहायचा. लढाईच्या कामावर त्याला आसामात धाडलं. जाताना त्यानं खुर्च्या नेल्या, कुत्रं नेलं, बंदूक नेली, मासे तेवढे राहिले. परसात त्यानं कमरेइतका खोल, आठ हात लांब हौद बांधून घेतला होता. कॅनॉलचं पाणी एका नळानं आत यायचं आणि दुसऱ्या तोंडानं पेरूच्या झाडांना जायचं. मासे म्हणे लढाईच्या आधी मुंबईला एका जपानी आगबोटीवरून त्यानं पत्र्याच्या डब्यांतून आणले. चांगले दीड-दीड वीत लांब. पांढऱ्यावर तांबडे पट्टे, काहींवर शाई सांडल्यासारखे काळे डाग, आणि एक डोक्यापासून शेपटीपर्यंत सोनेरी.

पहिले चार महिने सासूबाईंनी हौदाकडे पाठ फिरवली होती. आमच्या घरात मासा हा शब्द जेवताना कुणी उच्चारत नाही, आणि इथे नऊ मासे स्वयंपाकघराच्या दारासमोर. तुळस त्यांनी लांबच्या कोपऱ्यात हलवून घेतली. माशांना मूठभर कोंडा टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी लीनाच्या वेळची सात महिन्यांची, पायरीवर बसून कोंडा टाकायची, आणि ते माझ्या सावलीला ओळखू लागले होते.

साहेबाच्या वेळी या माशांचं सगळं राहीबाई बघायची. आता ती उसाच्या खुरपणीला जाते आणि येता-जाता आमच्याकडे भाजी टाकते. एकदा ती पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, की सरकारला जपानी लोक धरता आले न्हाईत, पर आमच्या सायबानं नऊ धरून ठेवलेत, बिनपगारी. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

माझे धाकटे दीर मार्तंड बिनतारी संदेशाचं काम शिकून पलटणीत गेले, ते एकेचाळीसच्या दिवाळीनंतर सिंगापूरला. सिंगापूर पडलं. मग सरकारचं एक पत्र आलं. त्यात एकच शब्द कामाचा होता, बेपत्ता. वारले म्हणावं तर तसं नाही, जपान्यांच्या कैदेत आहेत म्हणावं तर तसंही नाही. तेवढा एक शब्द उशाशी घेऊन सासूबाई जगत होत्या.

त्या दिवशी त्यांनी राहीबाईला तीनदा विचारलं, हे मासे खरंच तिकडचे का. आणि दसऱ्याला त्यांनी संकल्प सोडला. सव्वा लाख रामनाम लिहायचं, एकेक नाव कणकेच्या गोळीत घालून माशांना घालायचं, रामनवमीला पुरं करायचं. माशांना नावाच्या गोळ्या घालणं काही नवीन नव्हे, माझी आजी गोदेवर जाऊन घालायची. पण सासूबाईंना नदीचे मासे नको होते. हेच हवे होते.

"तिकडे रामाला कोण ओळखतं?" त्या म्हणाल्या. "हे तिकडचे आहेत. यांच्या पोटात गेलं म्हणजे ओळख निघेल."

यांना, म्हणजे लीनाच्या वडिलांना, हसू आलं होतं. पण आईच्या तोंडाकडे बघून त्यांनी कचेरीतले जुने पाणीअर्ज आणून दिले. कागद कुठे मिळत नव्हता. त्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर सासूबाई बोरूनं बारीक नावं लिहायच्या, मी कात्रीनं कापायची. काथवटीत चार मुठी कणीक घट्ट मळायची, हरभऱ्याएवढी गोळी, तिच्या पोटात चिठ्ठी. रोज सातशे. गहू मिळत नव्हते, तर सासूबाईंनी पोळी सोडली. त्यांच्या वाटणीचे गहू हौदात गेले आणि त्या बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. पहिली गोळी रोज त्या सोनेरी माशाला देत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मार्तंडभाऊजी गोरे होते, पिंगट डोळ्यांचे, एवढं मला माहीत होतं.

पाच महिने सगळं नीट चाललं होतं. कॅनॉलचं पाणी एका बाजूनं यायचं, दुसऱ्या बाजूनं जायचं, आणि हौद स्वतःच स्वतःला धुऊन घ्यायचा. हे आम्हांला तेव्हा कळत नव्हतं. शिमग्यानंतर दुरुस्तीसाठी कॅनॉल बंद झाला. हे खाली राहुरीच्या बाजूला कामावर गेले, शनिवारी तेवढे घरी यायचे. नळ कोरडा पडला. हौदाचं पाणी उभं राहिलं. आणि मासे नाव घेऊ लागले.

पहिले तीन दिवस शेजारच्या बायकाही बघून गेल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं. चौथ्या पहाटे मी पायरीवर आले तर काळ्या डागांचा लहान मासा आडवा तरंगत होता, डोळा उघडा. सासूबाई मोरीत होत्या, पाणी अंगावर घेतल्याचा आवाज येत होता. लीनाला मी पायरीवर दुपट्यात ठेवली, मासा हातानं उचलला, पेरूच्या आळ्यात खुरप्यानं खड्डा केला आणि पुरला. आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला होता. तो थंड होता आणि वाटला होता त्याहून जड. हात राखेनं तीनदा धुतले, तरी दिवसभर लीनाला जवळ घेताना मला माझ्याच हातांची भीती वाटत राहिली.

त्या दिवशी गोळ्या घालताना सासूबाईंनी बोट दाखवून मासे मोजले. आठ भरले. मी म्हटलं, एक खाली दगडाआड असेल. त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा मोजले.

मला काय झालं होतं ते नीट सांगता येत नाही. मासा मेला याचं दुःख होतंच, पण भीती वेगळीच होती. नऊ मासे म्हणजे सासूबाईंच्या मनात तिकडे जाणारे नऊ निरोपे होते. एकेक निरोप्या वाटेत पडतोय हे त्यांना कळलं तर त्या त्याचा अर्थ काय लावतील? आणि सोनेरी मासा पडला तर?

सोनेरी माशाच्या पाठीवर मला दोन दिवसांनी कापसाच्या पेळूसारखं पांढरं काहीतरी दिसलं. तो पर अंगाशी मिटून कोपऱ्यात उभा होता. गोळी समोर पडली तरी हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, उपास असेल त्याचा. आणि कधी नव्हे ते हसल्या. त्या हसल्या म्हणून मला रडू आलं आणि मी लीनाची लंगोटी बदलायचं निमित्त करून आत गेले.

मी कोंडा टाकायचा बंद केला. पाण्यात तुरटी फिरवू का असा विचार आला, पिण्याच्या पाण्यात फिरवतो तशी. धीर झाला नाही. पाणी आता हिरवं नव्हतं, तांबूस काळपट झालं होतं. कडेला फेस धरला होता. लीनाला घेऊन वाकले की आंबलेल्या पिठाचा वास यायचा. तो वास मी रोज ओळखत होते, आमच्या स्वयंपाकघरातलाच होता, तरी त्याचा अर्थ माझ्या ध्यानात येत नव्हता. की येत होता आणि मीच येऊ देत नव्हते, देव जाणे.

गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी राहीबाई अंबाडी घेऊन आली. सासूबाई शेजारी सत्यनारायणाला गेल्या होत्या. मी तिचा हात धरूनच तिला मागे नेलं. ती हौदाजवळ गेली, बोट बुडवून वास घेतला, आणि तोंडातलं पान थुंकून आली. मग कडेला पालथी पडून तिनं कोपरापर्यंत हात तळाला घातला. वर आला तो मूठभर काळा गाळ. तिनं तो दगडावर पसरला. पिठाच्या लगद्यात कागदाचे भिजलेले तुकडे होते. शाई पसरली होती, पण काही काही ठिकाणी रा आणि म अजून वाचता येत होते.

ती गाळाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"किती घालता रोज?"

मी सांगितलं.

"सातशे." तिनं कपाळाला हात लावला, गाळाचा. "बाई, सायब मूठभर घालायचा, अन् उरलं तर जाळीनं काढून घ्यायचा. ह्यास्नी पोट भरल्यालं कळत न्हाई. अन् उरल्यालं खाली सडतंय, ते पान्यातली हवा खातंय. ह्ये नाव घेत न्हाईत, बाई. ह्ये दम मागत्यात."

लीना कडेवर होती, तिनं राहीबाईच्या नथीला हात घातला. राहीबाईनं नथ सोडवून घेता घेता सगळं सांगितलं. खायला घालायचं आजपासून बंद, अगदी कण नको. गाळ हळूहळू काढायचा, ढवळायचा नाही. पाणी बदलायचं ते तिसरा हिस्सा, एकदम सगळं नको, नाहीतर धसका घेऊन मरतील. विहिरीचं पाणी ताजं ओतायचं नाही, उन्हात दुपारभर ठेवून हौदाइतकं कोमट झालं की ओतायचं. आणि पहाटे, जेव्हा ते सगळ्यांत जास्त तडफडतात, तेव्हा हौदाचंच पाणी घागरीनं भरून उंचावरून हौदात पाडायचं, म्हणजे हवा मिसळते.

"आन् त्या पिवळ्याला मिठाच्या पान्यात बसवा," ती म्हणाली. मी लगेच बंबाशेजारचं घंगाळ आणायला वळले तर तिनं ओरडून थांबवलं. तांब्याचं भांडं त्यांना विखारी, एका दिवसात जातील. लाकडाचं न्हाईतर मातीचं मोठं काय असंल तर बघा.

लाकडाचं मोठं म्हणजे एकच होतं आमच्या घरी. काथवट. सासूबाईंच्या सासूबाईंची, सागाची, पाटाएवढी. भाकरीचं पीठ तीत मळलं जायचं आणि रामनामाची कणीकही. मी तिचं नाव काढलं नाही.

"म्हातारीला सांगा," राहीबाई जाता जाता म्हणाली. "तुमी सांगा. मी सांगितलं तर म्हनंल, कुनब्याच्या बाईला रामाचं काय कळतं."

मी सांगणार होते. त्या संध्याकाळीच सांगणार होते. पण सत्यनारायणाहून सासूबाई प्रसाद घेऊन आल्या आणि लीनाच्या जिभेला साजूक तुपातला शिरा लावता लावता म्हणाल्या, की आता आठ-नऊ हजारच उरले. सव्वा लाखातले आठ-नऊ हजार. त्यांच्या बोटांना शाईनं घट्टे पडले होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझंही हौदातल्या माशांसारखं चाललं होतं.

म्हणून मी खोटेपणा केला. म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना सकाळी हौदापर्यंत उतरायचा त्रास होतो, रामनवमीपर्यंत गोळ्या मी घालते, तुम्ही लिहा. त्यांना ते पटलं. मी ताट घेऊन मागे जायची आणि सातशे गोळ्या एका पितळी डब्यात भरून गोवऱ्यांच्या खोलीत ठेवायची. फेकायला हात होत नव्हता. नावं होती आत. पहाटे लीना झोपेत असेल तर ठीक, नाहीतर तिला पाठीशी बांधून मी घागरीनं पाणी पाडायची. सासूबाईंना सांगितलं, पेरूंना पाणी घालते. दुपारी विहिरीवरून आणलेलं पाणी मातीच्या रांजणात उन्हात ठेवायची. कॅनॉल बंद, विहीर खोल गेलेली, वसाहतीतल्या प्रत्येक घराला दहा घागरी. त्यांतल्या सहा मी हौदासाठी ठेवायची आणि लीनाचे कपडे एका बादलीत धुवायची. चौथ्या दिवशी एका तांबड्या पट्ट्याच्या माशाला मी पेरूच्या आळ्यात पुरलं. सात उरले. सोनेरी आता कधी कधी एका कुशीवर कलायचा आणि पुन्हा सावरायचा.

मुंग्यांनी मला पकडून दिलं.

पाडव्याचा दिवस. गुढी उभी झाली, कडुनिंबाची चटणी झाली. सासूबाई गोवऱ्या आणायला स्वतः गेल्या, कारण मी लीनाला न्हाऊ घालत होते. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात गोवऱ्या नव्हत्या. डबा होता. मुंग्यांची रांग डब्यावरून त्यांच्या मनगटावर चढत होती आणि त्यांना ते कळतही नव्हतं. आत चार दिवसांच्या गोळ्या, वरच्या वाळून तडकलेल्या, खालच्यांना बुरशी.

त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं रागावतील, म्हणतील की माझ्या मुलाच्या वाटेत तू आडवी आलीस. मी त्याची तयारीही केली होती मनात. त्या नुसत्या उभ्या होत्या आणि माझ्या मांडीवर लीना तेलानं निसटत होती.

मी सगळं सांगितलं. गाळाचं सांगितलं, पुरलेल्या दोघांचं सांगितलं. शेवटी तेही सांगितलं, की आई, ते नाव घेत नव्हते. श्वास कोंडला म्हणून वर येत होते.

सासूबाई पाटावर बसल्या. म्हणाल्या, "आणि मी रोज वर आणखी टाकत होते."

"आपल्याला माहीत नव्हतं."

"त्या वेळी तूही म्हणालीस, ऐकू येतंय म्हणून."

"आलं होतं मला ऐकू."

त्या उठल्या, मुंग्या झटकल्या आणि परसात गेल्या. मी लीनाला पुसून, गुंडाळून मागोमाग. त्या हौदाच्या कडेला उभ्या होत्या. सोनेरी मासा कुशीवर पडला होता. तरंगत नव्हता, बुडतही नव्हता, मधेच पडून होता, आणि त्याच्या गळ्याशी पापुद्रा हलत होता तेवढाच. मला वाटलं, गेला. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. लीनाच्या डोक्यावर ओठ टेकून मी मनात नुसतं नको नको म्हणत होते, कुणाला ते ठाऊक नाही.

"राहीबाईनं काय सांगितलं होतं याचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मिठाचं पाणी. पण लाकडी भांडं लागतं.

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा दोन्ही हातांनी काथवट छातीशी धरून आल्या. मी म्हणाले, आई, मग ती पुन्हा स्वयंपाकात चालणार नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे. आणि काथवट हौदाच्या कट्ट्यावर ठेवून त्यांनी नऊवारीचा काचा वर खोचला.

मी त्यांना अडवायच्या आत त्या पायऱ्या उतरून हौदात होत्या. त्या काळ्या पाण्यात, पाडव्याच्या दिवशी, नवं लुगडं नेसून. ज्या बाईनं कधी मासळीबाजाराच्या वाटेनं जायला नको म्हणून लांबचा रस्ता धरला, तिनं दोन्ही हात पाण्याखाली नेले आणि मासा तळव्यांवर घेतला. ज्या तऱ्हेनं त्या लीनाला न्हाणीत धरतात, मानेखाली एक हात, तसाच.

काथवटीत मी रांजणातलं कोमट पाणी ओतलं, खडेमीठ चार मुठी विरघळवलं. मग अडचण आली. राहीबाई म्हणाली होती, साहेब घड्याळ बघून दहा मिनिटं ठेवायचा, जास्त झालं तर मीठ मारतं. घड्याळ यांच्या मनगटावर, आणि हे राहुरीकडे.

"जपाची माळ आण," सासूबाई म्हणाल्या. "सावकाश ओढली की तेवढाच वेळ लागतो मला."

मी माळ आणून त्यांच्या ओल्या हातात दिली. एका हातानं त्यांनी माशाला पाण्यात सरळ धरलं होतं, दुसऱ्यानं मणी सरकत होते. तोंडानं त्या नाव घेत होत्या, एकेक, थांबून. मासा आधी निपचित होता. साठ-सत्तर मणी झाले असतील, तो एकदम उसळला, पाणी आमच्या तोंडावर उडालं, लीना दचकून रडायला लागली. सासूबाईंनी त्याला सोडलं नाही आणि मोजणंही सोडलं नाही. मेरुमणी आला तसा त्यांनी तो हौदात सोडला. तो खाली गेला, दिसेनासा झाला. बुडाला की पोहला, ते त्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता.

दुपारभर आम्ही गाळ काढला. मी लोखंडी पाटीनं, त्या हातानं. त्यांनी तो कुठेही टाकू दिला नाही. पेरूच्या आळ्यात, जिथे मी दोघांना पुरलं होतं, तिथे त्यांनी तो पसरला आणि वर माती लोटली. पाच महिन्यांची नावं होती ती. त्या एकदाही रडल्या नाहीत. फक्त मधेच एका तुकड्यावर अक्षर दिसलं की थांबायच्या, अंगठ्यानं पुसायच्या.

त्या दिवसापासून रामनवमीपर्यंत चूल पेटायच्या आधी आम्ही दोघी परसात असायचो. मी घागरीनं पाणी पाडायची, त्या कट्ट्यावर बसून लीनाला मांडीवर घ्यायच्या आणि माळ ओढायच्या. कणीक मळली गेली नाही. उरलेले सहा-सात हजार त्या तोंडी पुरे करत होत्या. संकल्प लिहून घालण्याचा होता, म्हणून शेजारच्या बायका काय म्हणायचं ते म्हणून गेल्या. राहीबाई येऊन बघायची आणि मान डोलवायची, पण तोंडानं चांगलं काही बोलायची नाही. विचारलं तर म्हणे, कॅनॉल सुटू द्या, मंग बोलू. सोनेरी माशाला आणखी दोनदा काथवटीत बसवलं. दोन्ही वेळा तो झटापट न करता बसला, त्यानंच माझा जीव जास्त गोळा झाला. पाठीवरचा कापूस कमी झाला की तसाच आहे, यावर आमचं एकमत होईना.

रामनवमीच्या पहाटे लीना नेहमीपेक्षा लवकर उठली. तिला घेऊन मी पायरीवर आले. पाण्यावर कुणीच नव्हतं. एकही तोंड नाही. काल पहाटेपर्यंत दोघं-तिघं तरी कडेला असायचे. मी लीनाला तशीच छातीशी धरून कडेपर्यंत गेले, वाकले. काही दिसेना. उजाडत होतं, पण पाण्यात उजेड पोचला नव्हता. उभी राहून वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. लीना पिता पिता थांबून हौदाकडे बघायला लागली.

मग तळाशी दगडाजवळ काहीतरी हललं. एक पांढरा पट्टा. त्याच्यामागे आणखी एक. ते खाली होते. सगळे खाली होते, शिमग्याआधी पहाटे असायचे तसे.

सासूबाई मागून आल्या. त्यांनीही आधी मोकळं पाणी पाहिलं आणि त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. मी बोटानं दाखवलं. आम्ही दोघी मोजत राहिलो. पाच नक्की होते. सहावा कधी दिसायचा, कधी नाही. सोनेरी कुठे आहे ते कळत नव्हतं, तो अंधारातही उठून दिसतो असं आम्हांला वाटायचं, पण दिसला नाही.

"वर येत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे दम पुरतोय त्यांना?"

"पुरतोय, आई."

त्या कट्ट्यावर बसल्या. माळ मांडीवर होती, ती त्यांनी उचलली नाही. मला वाटलं संकल्प पुरा झाला म्हणून देवाचं काही म्हणतील.

"प्रेमला," त्या म्हणाल्या, "जिथे ठेवलं असेल मार्तंडला, तिथे खिडकी असेल का गं? त्याला लहानपणापासून कोंदट चालत नाही. दार लोटलं तरी उठून बसायचा."

मी असेल म्हणाले. मला काय माहीत. पण मी असेल म्हणाले, आणि लीनाला त्यांच्या मांडीवर दिली, आणि घागर घेतली. मासे खाली होते, आज पाणी पाडायची तशी गरज नव्हती. तरी मी घागर भरली, खांद्यापर्यंत उचलली आणि सावकाश ओतली. सासूबाई त्या पडणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "अजून थोडं उंचावरून."